कोंबड्याचा खिळा

“कोंबडा आला का, बाई?” सायकल भिंतीला टेकवत दस्तगीर मास्तरांनी विचारलं. हा प्रश्न ते रोज विचारायचे. मी दाराशेजारच्या फळीकडे पाहिलं आणि आला म्हणाले.

त्या फळीवर बावीस खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याच्या वर एक चित्र. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कुणालाच नीट वाचता येत नव्हतं, म्हणून मास्तरांनी ज्याला त्याला एक चित्र रंगवून दिलं होतं. कुणाला आंबा, कुणाला पतंग, कुणाला बादली. तेच चित्र पत्र्याच्या बिल्ल्यावरही. सकाळी आल्यावर आपला बिल्ला आपल्या खिळ्याला अडकवायचा आणि संध्याकाळी काढून खिशात टाकायचा. आमची हजेरी तेवढीच. बाळगोंडा चौगुले सगळ्यांच्या आधी येऊन पायरीवर बसलेला असायचा, म्हणून त्याला कोंबडा.

ही गोष्ट त्र्याण्णव सालची. सांगलीच्या मार्केट यार्डामागे एका व्यापाऱ्यानं हळदीचं जुनं गोडाऊन आम्हाला वापरायला दिलं होतं. कितीही चुना लावला तरी भिंती पिवळ्या पडायच्या, पोरांच्या कॉलरी पिवळ्या व्हायच्या, माझ्या पांढऱ्या साड्यांचे काठसुद्धा. दारावर ‘मतिमंद प्रौढांची कार्यशाळा’ अशी पाटी होती. तेव्हा तोच शब्द होता. मी तिथली व्यवस्थापक, सत्तेचाळीस वर्षांची. मास्तर मिरजेचे, हाताचे मोठे कसबी. आमची माणसं अठरा वर्षांपासून चाळीस वर्षांपर्यंतची होती, पण आम्ही त्यांना पोरंच म्हणायचो.

काम होतं नटबोल्ट पिशव्यांत भरण्याचं. एका पिशवीत चोवीस. चोवीस मोजणं कुणालाच जमत नव्हतं, म्हणून मास्तरांनी लाकडाच्या फळ्या केल्या होत्या. प्रत्येकीला चोवीस भोकं. प्रत्येक भोकात एक बोल्ट उभा करायचा, फळी भरली की पिशवीत उलटी करायची. बाळगोंडाला तीनच्या पुढे आकडा माहीत नव्हता. पण तीन वर्षांत त्याची एकही पिशवी चुकली नव्हती.

तो तेव्हा एकतीस वर्षांचा होता. अंगानं थोराड, केस बारीक कापलेले, बोलणं तुटक. सांगितलेलं तो तसंच्या तसं करायचा. एकदा डोळे तपासायला सगळ्यांना सिव्हिलमध्ये नेलं होतं. मी येईपर्यंत इथंच थांब, असं मी त्याला एका खांबापाशी सांगितलं आणि गडबडीत विसरून गेले. संध्याकाळी आठवण झाली तेव्हा धावत गेले, तर तो खांबाला हात लावून उभा. जेवला नव्हता, लघवीलाही गेला नव्हता. नर्सबाई म्हणाल्या, आम्ही बस म्हणून किती सांगितलं, ऐकतच नाही, नुसतं ‘बाई म्हणाल्या’ म्हणतोय. मी ती गोष्ट नंतर कितीतरी दिवस हसत सांगायची.

तर त्या दिवशी सबनीस यायचे होते. मुंबईच्या ज्या ट्रस्टच्या अनुदानावर आमचा कारभार चालायचा, त्या ट्रस्टचे ते अधिकारी. वाईट माणूस नव्हता. पोरांच्या शेजारी मांडी घालून बसायचा, त्यांच्या डब्यातलं खायचा. त्या दिवशीही बसला, दोन पिशव्या स्वतः भरल्या, बाळगोंडानं त्याची एक पिशवी परत करून फळीतलं रिकामं भोक दाखवलं तेव्हा मोठ्यानं हसला. मग आम्ही आत ऑफिसात आलो आणि त्यानं फाइल उघडली.

“बाई, ही योजना रोजगाराची आहे. तीन वर्षं झाली. किती जणांना रोजगार मिळाला?”

“बावीस जण काम करताहेत. तुम्ही आत्ताच बघितलंत.”

“ते इथं. बाहेर किती?”

मी त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला.

“मला कळतं हो,” तो म्हणाला. “पण वरच्यांचं म्हणणं असं की ही सांभाळण्याची योजना नाही. मार्चअखेर मला एक तरी नाव द्या. बाहेर, खऱ्या कारखान्यात लागलेला एक माणूस. त्या एका नावावर मी तुमची पुढची तीन वर्षं मागून आणतो. नाहीतर एप्रिलपासून हे बंद.”

जाताना त्यानं नव्या करारपत्राची प्रत माझ्या टेबलावर ठेवली. नीट वाचून ठेवा म्हणाला. मी त्याच दुपारी वाचली.

नाव कुणाचं द्यायचं हे मला आणि मास्तरांना एकमेकांना विचारावंही लागलं नाही. संध्याकाळी पोरं गेल्यावर मास्तर फळ्या पुसत बसले होते. म्हणाले, “ज्याचं काम चांगलं, त्यालाच घालवायचं होय, बाई?”

“घालवत कुठं आहोत? नोकरी लागतेय त्याला.”

“मग तुमचं तोंड का उतरलंय?”

ज्या कारखान्याचे बोल्ट आम्ही भरायचो तो कुपवाडला होता. मालक मगदूम म्हणून होते. मी दोनदा जाऊन बसले, तेव्हा ते घेतो म्हणाले. माणूस शांत आहे ना, कुणाच्या अंगावर जात नाही ना, एवढंच विचारलं. उरली त्याची आई.

आक्काताई विधवा बाई. यार्डात हळद निवडायला जायच्या. बोटं, नखं, पदर, सगळं पिवळं. मी त्यांच्या खोलीवर गेले तेव्हा भाकरी करत होत्या. सगळं ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, “बाई, तुमच्यात त्यो सुखात हाय. तिथं नवी मान्सं. त्येला न्हाई जमलं तर?”

“नाही जमलं तर परत आमच्याकडे. त्याचा खिळा कुठं पळून जातोय?”

त्या हसल्या. मीही हसले. बाळगोंडा दारात बसून ऐकत होता. तोही हसला.

मार्चच्या वीस तारखेला आम्ही समारंभ केला. नारळ, टॉवेल-टोपी, पेढे. सबनीस मुद्दाम आला होता, त्यानं फोटो काढला. नियमाप्रमाणे बिल्ला इथंच ठेवायचा, पण बाळगोंडा काही केल्या मुठीतून सोडेना. राहू दे रे तुला, मी म्हणाले. मास्तरांनी त्याच्यासाठी चोवीस भोकांची नवी फळी केली होती, शिसवीची, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. ती काखेत मारून तो आईबरोबर सिटी बसनं कुपवाडला गेला.

अनुदान मंजूर झालं. रिकामी जागा पंधरा दिवसांत भरावी असंही करारात होतं, आणि आमच्याकडे जागेसाठी थांबलेल्यांची यादी मोठी होती. कमल नावाची एकोणीस वर्षांची मुलगी आली. तिला पोपट हवा होता. मास्तरांनी कोंबड्यावर पांढरा रंग दिला आणि वर पोपट काढला. दोन दिवसांनी रंग वाळला तसा खालून कोंबड्याचा तुरा लाल दिसायला लागला. मास्तर म्हणाले, आणखी एक हात देतो. दिला नाही.

अडीच महिने सगळं बरं चाललं. मग कारखान्याला एक मागणी आली, वीस-वीसच्या पिशव्यांची. सुपरवायझरनं बाळगोंडाला सांगितलं, आजपासून वीस, चार भोकं मोकळी सोड. बाळगोंडानं मान हलवली आणि चोवीस भरले. भोक रिकामं ठेवायचं नसतं हे आम्हीच त्याला तीन वर्षं शिकवलं होतं. तीन दिवसांचा माल गाडीत चढल्यावर लक्षात आलं. सगळा उतरवून पुन्हा भरावा लागला. मगदूमांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं.

हे कळलं तेव्हा मास्तरांनी लाकडाच्या चार बारीक खुंट्या तासल्या. मला दाखवल्या. “दहा मिनिटांचं काम होतं, बाई. चार भोकं बुजवली असती की झालं असतं. कुणी विचारलंच नाही.” त्या घेऊन ते सायकलवरून कुपवाडला गेले. मगदूम म्हणाले, मास्तर, उद्या पंचविसाची मागणी आली तर काय करू?

सोमवारी सकाळी मी आले तेव्हा बाळगोंडा पायरीवर बसला होता. डबा, फळी, सगळं घेऊन. मी कुलूप उघडलं तसा तो आत आला, आपल्या खिळ्यापाशी गेला आणि वर बघत उभा राहिला. मागून कमल आली. तिनं त्याच्या बाजूनं हात घालून आपला बिल्ला अडकवला. त्यानं तो काढला, नीट तिच्या हातात दिला आणि आपला लावला. तिनं पुन्हा काढला. ती रडायला लागली. तो रडला नाही. पांढऱ्या रंगाखालच्या त्या लाल तुऱ्यावर बोट ठेवून मला म्हणाला, “बाई, कोंबडा.”

त्याचा बिल्ला मी काढला. माझ्या हातानं काढून त्याच्या खिशात घातला.

दुपारी आक्काताई कामावरून तशाच आल्या. आवाज चढवला नाही. “न्हाई जमलं तर परत घेतो म्हणाला हुतासा.”

मी म्हणाले, बघते, मुंबईला पत्र लिहिते, काहीतरी मार्ग निघेल.

पत्र लिहायची काही गरज नव्हती. करारपत्रातली आठवी अट अशी होती की रोजगार मिळालेल्या लाभार्थ्याचं नाव पुन्हा पटावर घेता येणार नाही. तसं आढळल्यास अनुदान रद्द. ही अट मी त्यांच्या खोलीवर जाण्याच्या आठ दिवस आधी वाचली होती. खिळा कुठं पळून जातोय म्हणाले तेव्हा मला ती पाठ होती.

तरी मी सबनीसला फोन केला. पलीकडे त्यानं दार लावून घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, “बाई, मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही. पण तो आत दिसला नाही पाहिजे. एकासाठी बावीस घालवू नका.”

म्हणून तो बाहेर बसायला लागला. रोज, पायरीवर. मास्तर त्याला जुने गंजके बोल्ट द्यायचे. तो फळी भरायचा, उलटी करायचा, पुन्हा भरायचा. डबा पोरांबरोबर खायचा, ते आत आणि तो उंबऱ्याबाहेर. बिल्ला शर्टच्या खिशाला अडकवलेला. मी जाता-येता त्याच्याशी बोलायची. माझ्या मनात असं की चाललंय ना, काहीतरी चाललंय.

ऑगस्टमध्ये ट्रस्टच्या विश्वस्त बाई स्वतः यायच्या ठरल्या. आदल्या दिवशी मी आक्काताईंना निरोप धाडला, उद्या त्याला घरी ठेवा. पण उगवत्या उन्हात त्या हळद निवडायला निघून गेल्या असणार आणि त्याला डांबून ठेवणारं घरी कुणी नव्हतं. मी आले तेव्हा तो होताच. मी त्याला गोडाऊनच्या मागच्या बाजूला नेऊन बसवलं. इथंच बस म्हणाले असते तर तो बसला असता. तेवढ्यात गाडी आली, हाक आली, आणि ते सांगायचं राहून गेलं.

विश्वस्त बाई साठीच्या, खादी नेसलेल्या, चौकस. प्रत्येकाशी बोलल्या. ऑफिसच्या भिंतीवर बाळगोंडाचा समारंभातला फोटो काचेत लावला होता, टोपी, नारळ, काखेत फळी. खाली ‘आमचा पहिला यशस्वी’ असं लिहिलेलं. ट्रस्टनंच मढवून पाठवला होता. त्या फोटोसमोर बाई थांबल्या.

“हा मुलगा आता कुठं असतो?”

सबनीस माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघायला लागला. मीही तिकडे पाहिलं. खिडकीत बाळगोंडा उभा होता. सबनीसला ओळखून आला असावा. गजांतून बिल्ला दाखवत होता, तोंडभर हसत.

बाईंनी त्याला पाहिलं. पण फोटोतली टोपी, कपाळावर कुंकू, आणि खिडकीतला वाढलेल्या दाढीचा माणूस, त्यांना ओळख पटली नाही.

“आणि हा कोण?”

“शेजारच्या वस्तीतला आहे,” मी म्हणाले. “येऊन बसतो.”

“आणि फोटोतला?”

“बाळगोंडा? तो कारखान्यात आहे. कुपवाडला.”

मी हे नेहमीच्या आवाजात बोलले. आपलं नाव ऐकून त्याचं हसू थोडं थांबलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, जशी तो काही सांगितलं की हलवायचा. मग खिडकी रिकामी झाली.

बाई चारला गेल्या. पुढचा हप्ता मी आजच सोडायला सांगते म्हणाल्या. खिडकीपाशी तो उभा होता हे मास्तरांनीही पाहिलं होतं. पोरं गेल्यावर मी मागं गेले, पुढं आले, पायरी बघितली. फळी होती, डबा नव्हता. घरी गेला असेल असं मी स्वतःला समजावलं.

सहाला आक्काताई आल्या. पोरगं इथं हाय का, विचारलं.

मास्तर एकदम उठले. मला म्हणाले, “बाई, खिडकीत उभं राहून त्यानं काय ऐकलं?”

रिक्षा करून आम्ही तिघं कुपवाडला गेलो. कारखान्याची पाळी सुटून गेली होती, फाटक लावलेलं होतं. फाटकाबाहेर बाळगोंडा उभा होता. सिटी बस जाते त्या रस्त्यानं सगळा चालत आला होता. चपलेचा अंगठा तुटलेला. वॉचमन सांगत होता, दुपारपासून हाकलतोय ओ, हलतच नाही, मारलं पण एक-दोनदा, काय करणार. बाळगोंडाच्या गालावर वळ होता.

मला बघून त्याचा चेहरा उजळला. “बाई म्हणाल्या,” तो आईला म्हणाला. “कारखान्यात.” मग मुठीतला बिल्ला माझ्यापुढे धरून फाटकाच्या खांबांकडे, भिंतीकडे बोट करत म्हणाला, “बाई, इथं खिळा न्हाई.”

दुपारपासून तो तेच शोधत होता.

आक्काताईंनी पदर तोंडात धरला. मास्तर पाठ फिरवून रिक्षापाशी गेले. मी काहीही म्हणू शकले असते. उद्या ये म्हणू शकले असते. तुझा खिळा देते म्हणू शकले असते, बाकी बावीस पोरांचं आणि माझ्या-मास्तरांच्या पगाराचं जे व्हायचं ते झालं असतं. मी थकले होते. फार भ्याले होते. मी त्याच्या दंडाला धरून, एकेक शब्द सावकाश, त्याला कळेल असं म्हणाले,

“बाळगोंडा, आता घरी जायचं. उद्यापासून घरीच राहायचं.”

त्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पायरी मोकळी होती. मला हलकं वाटलं, हेही सांगून टाकते. मास्तरांनी फळी त्याच्या घरी पोचवली आणि वर्षभरात आमची नोकरी सोडून मिरजेला दुकान टाकलं. आमचं अनुदान तीन वर्षं आलं, मग त्या ट्रस्टनं योजनाच बदलली आणि कार्यशाळा बंद पडली. बावीसच्या बावीस घरी गेले. गोडाऊनमध्ये पुन्हा हळद भरली.

आक्काताईंच्या खोलीवर मी गेले ती त्यानंतर पाच वर्षांनी.  एवढी वर्षं मी सांगलीतच राहत होते.

तो उंबऱ्याच्या आत बसला होता. केस पांढरे झाले होते, पाय सुजलेले, मांडीवर शिसवीची फळी. बोल्टच्या जागी चिंचोके. दाराच्या चौकटीला आतून एक खिळा मारलेला आणि त्यावर कोंबडा. रंग बराचसा उडालेला.

“रोज सकाळी लावतोय, दिवस मावळला की काढतोय,” आक्काताई म्हणाल्या. त्यांनी मला चहा दिला. त्यांच्याकडूनच कळलं की त्या संध्याकाळपासून तो उंबऱ्याबाहेर गेला नव्हता. संडासाला तेवढा मागच्या दारानं. जत्रेला नाही, देवळात नाही, चुलतभावाच्या लग्नाला चार माणसांनी ओढलं तर चौकट धरून बसला. डॉक्टरला घरी आणावं लागायचं. का विचारलं की एकच बोलायचा.

त्यानं मला ओळखलं. उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग चिंचोक्यांनी भरलेली फळी वर उचलून दाखवली. एकही भोक रिकामं नव्हतं.

मी कप खाली ठेवला. इतकी वर्षं जे सांगायचं होतं ते सांगायला तोंड उघडलं, “बाळगोंडा—”

आक्काताईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. पिवळा, खरखरीत.

“बाई, आता त्येला काय सांगू नगासा,” त्या म्हणाल्या. “त्यो तुमचं ऐकतोय.”